बाहूतील जुनाट मज्जातंतुजन्य वेदना आणि शस्त्रक्रिया : उपयोग, वेळ आणि मर्यादा

गोषवारा

हाताला इजा झाल्यावर दुखते आणि इजा बरी झाली की दुखणे थांबते, हा सर्वसामान्य अनुभव आहे. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत जखम भरून आल्यावरही, किंबहुना हात पूर्णतः बधिर झाल्यावरही, वेदना वर्षानुवर्षे टिकून राहते. या वेदनेचे मूळ स्नायूत किंवा हाडात नसून मज्जासंस्थेत असते. प्रस्तुत लेखात बाहूतील अशा जुनाट वेदनेचे स्वरूप, तिच्यावरील शस्त्रक्रियांचा ऐतिहासिक विकास, आज उपलब्ध असलेल्या शस्त्रक्रियांचे प्रकार व त्यांमागील तत्त्व आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. शस्त्रक्रियेचे यश इजेची जागा नेमकी ओळखण्यावर आणि रुग्ण योग्य वेळी शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचण्यावर प्रामुख्याने अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मज्जातंतुजन्य वेदना, ब्रेकियल प्लेक्सस, कार्पल टनेल, न्यूरोमा, मज्जारज्जू उत्तेजन.

प्रस्तावना

वेदना ही शरीराची संरक्षक यंत्रणा आहे. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो, तो वेदनेमुळेच. ही यंत्रणा नसेल तर काय होते, याचे विदारक उदाहरण कुष्ठरोगात दिसते. १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कार्य केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा निदर्शनास आणून दिली. कुष्ठरुग्णांच्या बोटांची झीज रोगजंतूंमुळे थेट होत नाही. वेदनेची जाणीव हरपल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमांमुळे ती होते. वेदना नसणे हेच त्या ठिकाणी संकट ठरते.

याच्या अगदी उलट टोकाची अवस्था म्हणजे प्रस्तुत लेखाचा विषय होय. येथे वेदना कोणत्याही धोक्याची सूचना देत नाही. घरात चोर नसताना रात्रंदिवस वाजत राहणाऱ्या घंटेप्रमाणे ती सुरूच राहते. अशा वेळी 'ही तारच कापून टाकली तर?' असा प्रश्न रुग्णाच्या व नातेवाइकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वैद्यकशास्त्राच्या मनातही दीर्घकाळ हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना गेल्या सुमारे दीडशे वर्षांत वेदनेविषयीची आपली समजच बदलली.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळील मज्जातंतूंना इजा झालेला विद्यार्थी, मनगटातील मुंग्यांमुळे रात्री झोप न लागणारे सहकारी, मानेतून हातात उतरणाऱ्या कळेने त्रस्त झालेले लिपिक, अशी उदाहरणे प्रत्येक महाविद्यालयात आढळतात. 'हात तर बधिर आहे, मग दुखतो कसा?' हा त्यांना विचारला जाणारा प्रश्न अज्ञानातून येतो. परंतु तो रुग्णाला खोटे ठरवतो. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. मज्जातंतुजन्य वेदना आणि सामान्य वेदना यांतील भेद स्पष्ट करणे.
२. बाहूतील वेदनेवरील शस्त्रक्रियांचा ऐतिहासिक विकास मांडणे.
३. प्रचलित शस्त्रक्रियांचे वर्गीकरण करून प्रत्येकीचे तत्त्व, उपयोग व मर्यादा सांगणे.
४. शस्त्रक्रियेच्या निर्णयात वेळ आणि निदान यांचे महत्त्व अधोरेखित करणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो द्वितीयक साधनांवर आधारित आहे. तो वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही.

मज्जातंतुजन्य वेदना : संकल्पना व लक्षणे

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या २०११ च्या परिभाषेनुसार, संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेला झालेल्या इजेमुळे किंवा तिच्या आजारामुळे उद्भवणारी वेदना म्हणजे मज्जातंतुजन्य वेदना होय. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वा पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना जुनाट मानली जाते.

दोन प्रकारच्या वेदनांतील भेद मराठी भाषेने फार पूर्वीच टिपलेला आहे. गळू झाले की 'ठणका' लागतो, श्रमाने हाताला 'रग' लागते. परंतु मज्जातंतूच्या दुखण्यात रुग्ण 'चमक', 'आग', 'भगभग', 'मुंग्या', 'सुया टोचल्यासारखे', 'करंट बसल्यासारखे' असे शब्द वापरतो. हे शब्द निदानाला थेट साहाय्य करतात. २००५ मध्ये फ्रान्समध्ये विकसित झालेल्या डीएन-४ या दहा मुद्द्यांच्या प्रश्नावलीत जळजळ, वेदनादायक गारठा, विजेचा झटका, मुंग्या, टोचणी, बधिरता व खाज यांचीच विचारणा केलेली आहे. दहापैकी चार वा अधिक मुद्दे आढळल्यास वेदना मज्जातंतुजन्य असण्याचा संभव मोठा असतो. रुग्णाने सांगितलेले शब्द घाईने 'दुखते' या एकाच क्रियापदात गुंडाळले गेले, तर निदानाची पहिली संधी हुकते.

इजा झालेल्या मज्जातंतूमध्ये तीन प्रकारचे बदल घडतात. पहिला, तुटलेली वा दबलेली टोके बाहेरील कारणाशिवाय आपोआप संदेश निर्माण करू लागतात. दुसरा, मज्जारज्जूतील पुढच्या टप्प्यावरील पेशी अतिसंवेदनशील होतात. परिणामी सदऱ्याच्या बाहीचा स्पर्शही असह्य वाटतो. तिसरा, मेंदूतील हाताच्या प्रतिमेचीच पुनर्रचना होते. यावरून लक्षात येईल की, वेदनेचे मूळ एका जागी सुरू झाले तरी काळाच्या ओघात ते वरच्या पातळ्यांवर सरकू शकते. पुढील सर्व विवेचनाचे हे सूत्र आहे.

बाहूतील मज्जातंतूंची रचना

मानेतील पाचव्या मज्जामुळापासून छातीतील पहिल्या मज्जामुळापर्यंतची पाच मुळे मज्जारज्जूतून बाहेर पडतात आणि मान व काख यांच्या दरम्यान परस्परांत गुंफली जातात. या जाळ्यास ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. रेल्वेच्या मोठ्या जंक्शनवर रूळ एकत्र येऊन पुन्हा निरनिराळ्या दिशांना फुटावेत, तशी ही रचना असते. या जाळ्यातून शेवटी पाच प्रमुख मज्जातंतू निघतात. त्यांपैकी मीडियन, अल्नर आणि रेडियल हे तीन हाताच्या पंजापर्यंत पोहोचतात.

या प्रवासात काही जागा अरुंद आहेत. मानेतील मणक्यांमधील छिद्रे, पहिली बरगडी व गळपट्टीचे हाड यांमधील फट, कोपराच्या आतील बाजूची खाच आणि मनगटातील बोगदा या त्या जागा होत. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती कोपराच्या खाचेतील अल्नर मज्जातंतूमुळे. बाहूतील बहुसंख्य जुनाट मज्जातंतू-वेदना या अरुंद जागांतील दाबामुळे किंवा जाळ्याला बसलेल्या ताणामुळे निर्माण होतात.

शस्त्रक्रियेचा ऐतिहासिक विकास

अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयात मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार होत. तेथील डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी मोअरहाउस व कीन या सहकाऱ्यांसमवेत १८६४ मध्ये या जखमांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हाताची सतत आग होणारे हे सैनिक हात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. कागदाचा सळसळाट किंवा पावलांचा आवाजही त्यांना सहन होत नसे. या अवस्थेस मिचेल यांनी 'कॉझाल्जिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील उष्णता व वेदना या दोन शब्दांपासून ते बनले आहे. कापून टाकलेल्या अवयवात जाणवणाऱ्या वेदनेसाठी 'फँटम' हा शब्दही त्यांनीच रूढ केला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच शल्यचिकित्सक रेने लेरिश यांनी १९१६ मध्ये या वेदनेचा संबंध रक्तवाहिन्यांभोवतीच्या अनुकंपी मज्जातंतूंशी जोडला आणि ते तंतू काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचविली. पुढे छातीतील अनुकंपी साखळी छेदण्याची शस्त्रक्रिया अनेक दशके प्रचलित होती. काही रुग्णांना तिचा लाभ झाला. तथापि कालांतराने वेदना परतण्याचे प्रमाण आणि तिच्या परिणामकारकतेविषयीचा अपुरा पुरावा यांमुळे आज तिचा वापर क्वचितच होतो. दरम्यान १९१२ मध्ये फिलाडेल्फियामध्येच स्पिलर व मार्टिन यांनी मज्जारज्जूतील वेदनावाहक मार्ग छेदण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांना तिचा आधार मिळाला.

या सर्व प्रयत्नांमागे एकच गृहीतक होते : वेदना ही तारेतून येते आणि तार तोडली की ती थांबते. प्रत्यक्ष अनुभव निराळा होता. मज्जातंतू छेदल्यावर काही महिने आराम पडे. त्यानंतर त्याच बधिर भागात पूर्वीपेक्षा तीव्र वेदना सुरू होई. छेदलेल्या टोकाशी मज्जातंतूंची गाठ तयार होई, ती निराळीच.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार नियंत्रण सिद्धांता'ने हे गृहीतक मोडीत काढले. त्यांच्या मते मज्जारज्जूच्या मागील भागात एक प्रकारचे द्वार असते. स्पर्शाचे जाड तंतू ते मिटवितात, वेदनेचे बारीक तंतू ते उघडतात आणि मेंदूही त्यावर नियंत्रण ठेवतो. मार लागलेली जागा आपण सहजच चोळतो, त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण यात मिळाले. सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. परंतु वेदनामार्ग तोडण्याऐवजी त्याचे नियमन करता येईल, ही दिशा त्यातून मिळाली. १९६७ मध्ये वॉल व विल्यम स्वीट यांनी मज्जातंतूंना विद्युत उत्तेजन देऊन वेदना तात्पुरती शमविल्याचे दाखविले आणि त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूला उत्तेजन देणारे उपकरण प्रथमच रुग्णाच्या शरीरात बसविले.

शस्त्रक्रियांचे वर्गीकरण

आज उपलब्ध असलेल्या शस्त्रक्रिया त्यांच्या तत्त्वानुसार पाच गटांत विभागता येतात.

(अ) दाब दूर करणाऱ्या शस्त्रक्रिया

मनगटातील बोगद्यातून नऊ कंडरा आणि मीडियन मज्जातंतू जातात. त्याचे छत म्हणजे एक आडवा, न ताणला जाणारा अस्थिबंध. कंडरांच्या आवरणास सूज आली की सर्वांत मऊ घटक असलेला मज्जातंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात. रात्री जाग येते आणि रुग्ण हात झटकतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात व गर्भावस्था यांत हा विकार अधिक आढळतो. सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटाजवळ मीडियन मज्जातंतू दबल्याचे वर्णन केले होते. अस्थिबंध छेदून दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया जेम्स लिअरमंथ यांनी १९३३ मध्ये नोंदविली आणि जॉर्ज फॅलन यांच्या लेखनामुळे १९५० नंतर ती सर्वत्र रूढ झाली.

ही शस्त्रक्रिया केवळ तेवढ्या भागाला भूल देऊन अल्पावधीत करता येते आणि तिचे यश लक्षणीय आहे. सौम्य अवस्थेत रात्री मनगटाला पट्टी बांधणे किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन पुरेसे ठरू शकते. मात्र अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोल जाऊ लागला असेल, तर विलंब योग्य नव्हे. झिजलेला स्नायू पूर्ववत होईलच याची हमी शस्त्रक्रियेनंतर देता येत नाही.

कोपरातील अल्नर मज्जातंतूच्या बाबतीत दाब मोकळा करणे आणि मज्जातंतू खाचेतून काढून पुढच्या बाजूस हलविणे असे दोन पर्याय आहेत. तुलनात्मक अभ्यासांत दोहोंचे परिणाम साधारण सारखेच आढळले असून साध्या पद्धतीत गुंतागुंत कमी दिसते. मानेतील चकती सरकून मज्जामूळ दबल्यास मानेच्या पुढील बाजूने चकती काढण्याची शस्त्रक्रिया करतात. क्लोवर्ड यांनी तसेच स्मिथ व रॉबिन्सन यांनी ती १९५८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. तिने हातातील कळ लवकर कमी होते. परंतु अशा अनेक रुग्णांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविनाही आराम पडतो. म्हणून हाताची शक्ती कमी होत असल्यास किंवा वेदना दीर्घकाळ हटत नसल्यासच ती सुचविली जाते.

महाराष्ट्राच्या संदर्भात येथे कुष्ठरोगाचा पुन्हा उल्लेख करावा लागेल. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतात आढळतात. या रोगात कोपराजवळील अल्नर मज्जातंतू सुजून जाड होतो व तीव्र वेदना निर्माण होते. स्टेरॉइड हा त्यावरील मुख्य उपचार आहे. मज्जातंतूवरील आवरण उघडून दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रियाही दीर्घकाळ केली जात आहे. मात्र स्टेरॉइडच्या तुलनेत तिचा अधिकचा लाभ नियंत्रित अभ्यासांतून निःसंशय सिद्ध झालेला नाही. शल्यचिकित्सकाचा अनुभव आणि तुलनात्मक पुरावा यांत अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

(आ) मज्जातंतूंची दुरुस्ती व जोडणी

दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण जेव्हा डोके व खांदा यांवर आपटतो, तेव्हा मान एका बाजूस व खांदा दुसऱ्या बाजूस ताणला जातो. ब्रेकियल प्लेक्ससचे तंतू ताणले जातात, तुटतात किंवा मज्जारज्जूतून मुळासकट उपटले जातात. शिरस्त्राण जीव वाचविते. या जाळ्याला मात्र ते संरक्षण देऊ शकत नाही. स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सक आल्गिमांतास नाराकास यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या अनुभवावरून १९८५ मध्ये 'सात सत्तरांचा नियम' मांडला. अशा इजांपैकी सुमारे ७० टक्के वाहन अपघातांमुळे होतात, त्यांतील सुमारे ७० टक्के दुचाकींच्या असतात, अशी ती साखळी आहे. तिची अखेरची कडी अशी की, खालची मुळे उपटली गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांत वेदना चिवटपणे टिकून राहते.

येथे इजेचा प्रकार निर्णायक ठरतो. सेडन यांनी १९४३ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार मज्जातंतूचे कार्य केवळ तात्पुरते थांबलेले असू शकते, आतील तंतू तुटून आवरण शाबूत असू शकते किंवा संपूर्ण मज्जातंतू तुटलेला असू शकतो. पहिल्या प्रकारात वाट पाहणे हाच उपचार होय. तिसऱ्या प्रकारात वाट पाहणे म्हणजे हात गमावणे. पायातील सुरल मज्जातंतूचा तुकडा घेऊन तुटलेल्या टोकांत सांधा घालता येतो. मुळेच उपटली गेली असल्यास जोडण्यास टोकच उरत नाही. तेव्हा बरगड्यांमधील किंवा मानेतील अन्य मज्जातंतू वळवून आणले जातात. क्रिस्तोफ ओबेर्लिन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अल्नर मज्जातंतूतील एक लहान जुडगा कोपर वाकविणाऱ्या स्नायूस जोडला जातो.

या शस्त्रक्रियांचा प्रधान हेतू हालचाल परत मिळविणे हा असला, तरी वेदनेवरही त्यांचा परिणाम होतो. ब्रिटनमध्ये रोल्फ बर्च व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडणीनंतर स्नायूंत चेतना परतू लागण्याच्या सुमारास अनेक रुग्णांची वेदनाही कमी होत असल्याचे आढळले. मज्जारज्जूला पुन्हा संदेश मिळू लागला की त्याचा अस्वस्थपणा शमतो, असे याचे ढोबळ स्पष्टीकरण देता येईल.

मज्जातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या वेगाने वाढतो. खांद्यापासून पंजापर्यंतचे अंतर लक्षात घेता त्याला दीड-दोन वर्षे लागतात आणि तोवर चेतनाहीन स्नायू कायमचा निकामी होऊ लागतो. म्हणूनच इजेनंतर तीन ते सहा महिन्यांत जोडणी होणे इष्ट असते. वर्षानंतर हालचाल परत येण्याची आशा फारच कमी होते. हाडाचे प्लास्टर निघाल्यावर 'हळूहळू होईल ठीक' या आश्वासनावर महिने जातात, तेव्हा प्रत्यक्षात ही मुदत संपत असते.

(इ) न्यूरोमावरील शस्त्रक्रिया

छेदल्या गेलेल्या मज्जातंतूचे टोक पुढचा मार्ग शोधत वाढते आणि मार्ग न मिळाल्यास त्याची गाठ बनते. ही गाठ, म्हणजे न्यूरोमा, स्पर्श होताच तीव्र झिणझिणी निर्माण करते. उसाच्या चरकात किंवा कडबाकुट्टी यंत्रात हात गमावलेल्या रुग्णांत ती आढळते. नुसती गाठ कापल्यास ती पुन्हा तयार होते. म्हणून टोक खोल स्नायूत पुरण्याची पद्धत रूढ झाली.

शिकागो येथील टॉड क्युकेन व ग्रेगरी ड्युमानियन यांनी २००२ मध्ये कृत्रिम हात चालविण्यासाठी निराळी युक्ती योजली. छेदलेले मज्जातंतू त्यांनी छातीच्या स्नायूंतील लहान मज्जातंतूंना जोडले. याचा अनपेक्षित लाभ असा की अशा रुग्णांत न्यूरोमाची वेदना फारशी आढळली नाही. ड्युमानियन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २८ रुग्णांच्या यादृच्छिक अभ्यासात टोक पुरण्याच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने गमावलेल्या अवयवातील वेदनेत अधिक सुधारणा दिसली. अभ्यास लहान असला तरी त्याचा आशय मोलाचा आहे : टोकाला 'जाण्यासाठी जागा आणि करण्यासाठी काम' मिळाले की ते शांत होते.

(ई) मज्जारज्जूच्या प्रवेशद्वारावरील शस्त्रक्रिया

मुळे उपटली गेल्यावर हाताकडून मज्जारज्जूत येणारे संदेश बंद होतात. परंतु ते स्वीकारणाऱ्या पेशी जिवंत असतात आणि बेबंदपणे संदेश पाठवू लागतात. पंजा चिरडला जात असल्याची वा जळत असल्याची अखंड जाणीव आणि तिच्यावर येणारे काही सेकंदांचे विजेसारखे झटके, असे या वेदनेचे स्वरूप असते. हात बधिर असूनही तो का दुखतो, याचे उत्तर येथे आहे : वेदनेचा उगम हातात नाही, मानेतील मज्जारज्जूत आहे. यामुळेच या वेदनेसाठी हात कापून टाकणे निरर्थक ठरते. हात जातो आणि वेदना राहते.

फ्रान्समधील लियाँ येथे मार्क सँदू यांनी १९७२ पासून आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ब्लेन नॅशोल्ड यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात या पेशींवरच शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. संवेदी मुळे जेथे मज्जारज्जूत शिरतात, त्या रेषेवर सूक्ष्मदर्शकाखाली सूक्ष्म छेद वा उष्णतेचे बिंदू करून त्या पेशी निष्प्रभ केल्या जातात. 'ड्रेझ' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. दीर्घकालीन पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना चांगला आराम मिळाल्याचे सँदू यांच्या गटाने नोंदविले आहे. मात्र पायाच्या हालचालीचे व संवेदनेचे मार्ग या जागेपासून केवळ काही मिलिमीटर अंतरावर असल्याने त्याच बाजूच्या पायात अशक्तपणा येण्याचा धोका संभवतो. त्यामुळे औषधे अयशस्वी ठरलेल्या, निवडक रुग्णांसाठीच ही शस्त्रक्रिया योग्य ठरते.

(उ) विद्युत उत्तेजन

या पद्धतीत मज्जारज्जूच्या बाह्य आवरणावर इलेक्ट्रोड ठेवून त्वचेखाली बसविलेल्या बॅटरीने सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो. प्रथम काही दिवस चाचणी घेतात व वेदना पुरेशी कमी झाल्यासच कायमचे उपकरण बसवितात. ही प्रक्रिया उलट फिरविता येते, हा तिचा मोठा गुण होय.

नेदरलँड्समध्ये केमलर व सहकाऱ्यांनी एका हातापायाच्या जटिल वेदनाविकाराच्या ५४ रुग्णांवर केलेला यादृच्छिक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर उत्तेजन व व्यायामोपचार मिळालेल्या गटात वेदना केवळ व्यायामोपचार घेतलेल्या गटापेक्षा कमी होती. परंतु पाच वर्षांनंतरच्या पाहणीत दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या टिकला नाही. तरीही उपकरण बसविलेल्यांपैकी बहुतेकांनी आपण पुन्हा हाच उपचार घेऊ असे सांगितले. तारा सरकणे, जंतुसंसर्ग, बॅटरी बदलणे आणि मोठा खर्च या तिच्या मर्यादा आहेत. मुळे पूर्णतः उपटली गेली असल्यास उत्तेजनाचा मार्गच ऱ्हास पावलेला असल्याने तिचा परिणाम अनिश्चित राहतो.

शस्त्रक्रियेचा निर्णय : काही निकष

वरील विवेचनावरून शस्त्रक्रियेचा विचार करताना पुढील प्रश्न क्रमाने विचारावे लागतात, असे दिसते.

पहिला प्रश्न जागेचा. दाब मनगटात आहे की मानेत? अप्टन व मॅकोमस यांनी १९७३ मध्ये असे सुचविले होते की, एका जागी दबलेला मज्जातंतू दुसऱ्या जागीही सहज बाधित होतो. दोन्ही ठिकाणी बिघाड असताना एकाच ठिकाणी शस्त्रक्रिया केल्यास निराशा पदरी येऊ शकते. मज्जातंतूची विद्युत तपासणी, एमआरआय आणि सोनोग्राफी यांचे साहाय्य येथे होते. तथापि प्रत्यक्ष हात तपासण्याला पर्याय नाही. मज्जातंतूवर हलकेच टिचकी मारल्यावर उमटणारी झिणझिणी ही टिनेल व हॉफमन यांनी १९१५ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिलेली खूण आजही उपयुक्त आहे. अपघातानंतर त्याच बाजूची पापणी झुकली व बाहुली लहान झाली, तर छातीतील पहिले मूळ उपटले गेल्याचा संशय घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. दाबाच्या विकारात आठवडे व महिने, तर तुटलेल्या मज्जातंतूत महिने मोजावे लागतात. वेदनामार्गावरील शस्त्रक्रियेत मात्र घाई अनुचित असते. औषधे व व्यायामोपचार यांना आधी पुरेसा अवधी द्यावा लागतो. अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन ही या वेदनेवरील प्राथमिक औषधे आहेत. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंड व जठर यांना अपाय मात्र होतो.

तिसरा प्रश्न अपेक्षेचा. या क्षेत्रात यश म्हणजे बहुधा वेदनेचा पूर्ण नाश नसून ती निम्म्यावर येणे, झोप लागणे आणि काम करता येणे होय. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्टपणे सांगितली गेली नाही, तर यशस्वी शस्त्रक्रियाही रुग्णाला फसवणूक वाटू शकते.

सामाजिक व शैक्षणिक बाजू

मज्जातंतुजन्य वेदना क्ष-किरण चित्रात दिसत नाही. जखम भरलेली, रक्ततपासणी निर्दोष आणि तरीही रुग्ण कण्हतो. परिणामी 'मनाचे खेळ' असा शिक्का बसतो. जुनाट वेदनेबरोबर निद्रानाश व औदासीन्य येते, हे खरे. परंतु ते बहुधा वेदनेचा परिणाम असतात आणि मग वेदना वाढवितात. त्यांच्यावर उपचार करणे म्हणजे वेदना काल्पनिक आहे असे मानणे नव्हे.

अपघातग्रस्तांत तरुणांचे प्रमाण मोठे असल्याने शिक्षणसंस्थांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते. लिहिता हात गेलेल्या विद्यार्थ्यास परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मिळवून देणे, प्रात्यक्षिकांत पर्यायी व्यवस्था करणे आणि त्याच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे ही कामे कोणतीही शस्त्रक्रिया करू शकत नाही. अपघातानंतर दोन-तीन महिने हात न हलविणाऱ्या विद्यार्थ्याला 'मज्जातंतूंच्या शल्यचिकित्सकाला दाखविलेस का?' एवढे विचारणारा प्राध्यापकही त्या हाताचे भवितव्य बदलू शकतो.

निष्कर्ष

१. जुनाट मज्जातंतुजन्य वेदना ही इजेची खूण राहिलेली नसून मज्जासंस्थेचाच विकार झालेला असतो. त्यामुळे बधिर अवयव दुखणे यात विसंगती नाही.

२. मज्जातंतू छेदून वेदना थांबविण्याचे जुने तत्त्व अपुरे ठरले. दाब दूर करणे, तुटलेले जोडणे, टोकाला नवे कार्य देणे आणि संदेशाचे नियमन करणे ही आजची दिशा आहे. छेद आवश्यक ठरतो तो वेदना जेथे निर्माण होते त्या नेमक्या बिंदूपुरताच.

३. दाबाच्या विकारांत शस्त्रक्रियेचे फळ सर्वाधिक खात्रीचे, तर मज्जारज्जूच्या पातळीवरील वेदनेत ते सर्वाधिक अनिश्चित असते. वेदना वरच्या पातळीवर सरकण्यापूर्वी उपचार होणे म्हणूनच हितावह होय.

४. ब्रेकियल प्लेक्ससच्या इजेत तीन ते सहा महिन्यांचा काळ मोलाचा असतो. या मुदतीविषयी समाजात असलेले अज्ञान दूर करणे हे शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

५. अनेक प्रचलित शस्त्रक्रियांच्या परिणामांविषयी मोठ्या व दीर्घकालीन तुलनात्मक अभ्यासांची उणीव आहे. दुचाकीचे अपघात आणि कुष्ठरोग ही दोन्ही कारणे आपल्या देशात ठळकपणे आढळत असल्याने अशा अभ्यासांची जबाबदारीही भारतीय संशोधकांवर अधिक येते.